व्हाइटफील्डची गुजरी

आजच्या भागात किल्ला नाही, लढाई नाही, ताम्रपटही नाही. आज मी तुम्हाला एका गोदामात घेऊन जाणार आहे. हे गोदाम बेंगळुरूच्या पूर्वेला, व्हाइटफील्डमध्ये होतं. त्याच्या किल्ल्या बरीच वर्षं माझ्या कमरेला होत्या, म्हणून हा इतिहास थोडा माझाही आहे.

सुरुवात एका शब्दापासून करतो. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे ‘गुजरी’ म्हटलं की अंबाबाईच्या देवळाजवळचा सराफकट्टा. लग्न ठरलं की आई म्हणणार, ‘उद्या गुजरीत जाऊन येऊ.’ २००१ मध्ये नोकरीसाठी व्हाइटफील्डला आलो आणि ऑफिसचा कन्नड शिपाई पहिल्याच आठवड्यात म्हणाला, ‘सर, हा सगळा माल गुजरीला देऊन टाकू.’ मी चक्रावलो. त्याच्यासमोर मोडके कीबोर्ड आणि फॅक्सचं एक बंद पडलेलं मशीन होतं. कन्नडमध्ये गुजरी म्हणजे भंगार, आणि गुजरी अंगडी म्हणजे भंगाराचं दुकान. तेव्हा मी हसलो होतो. त्या कीबोर्डांशेजारी पडलेल्या सर्किट बोर्डांत खरोखरच सोनं आहे, हे कळायला मला पुढे तीन वर्षं लागली.

आता जरा मागे जाऊ. व्हाइटफील्डचं नाव डी. एस. व्हाइट या माणसावरून पडलं. युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेचा तो संस्थापक. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांनी १८८२ मध्ये या लोकांना शेतीची वसाहत करण्यासाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. मधोमध गोल मैदान, भोवती बंगले आणि मागे शेतं, असा बेत होता. आजही ‘इनर सर्कल’ नावाच्या भागात त्या गोलाचा आकार दिसतो, फक्त भोवती बंगल्यांपेक्षा इमारतीच जास्त आहेत.

याच सुमारास, म्हणजे १८८० मध्ये, आणखी पूर्वेला कोलारच्या सोन्याच्या खाणींत जॉन टेलर अँड सन्स ही ब्रिटिश कंपनी उतरली. कोलार आपल्याला ओळखीचं वाटायला हवं, कारण बेंगळुरूबरोबर तेही शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. पण तो वेगळ्या भागाचा विषय आहे, आत्ता त्यात शिरत नाही. व्हाइटफील्डचं रेल्वे स्टेशन बेंगळुरूहून बंगारपेटला जाणाऱ्या मार्गावर आहे, आणि बंगारपेटहून खाणींकडे फाटा जातो. म्हणजे गेलं शतकभर कोलारला जाणारा माणूस व्हाइटफील्ड ओलांडूनच गेला.

खाणीतल्या खडकातून सोनं काढायची पद्धत लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडणार आहे. खडक दळायचा, त्यावर सायनाइडचं पाणी सोडायचं, सोनं पाण्यात उतरतं, मग ते परत वेगळं करायचं. उरलेल्या दळाचे डोंगर खाणीच्या बाजूला साठत गेले. ते आजही तिथे उभे आहेत आणि वारा सुटला की त्यांची धूळ वस्तीवर येते. २००१ च्या फेब्रुवारीअखेर खाणी बंद झाल्या. शेवटच्या वर्षांत टनभर खडकातून तीन ग्रॅमच्या आसपास सोनं निघत होतं, खर्चही सुटत नव्हता.

आणि त्याच काळात व्हाइटफील्ड भरत होतं. कर्नाटक सरकार, टाटा आणि सिंगापूरच्या कंपन्या यांनी मिळून आखलेल्या इंटरनॅशनल टेक पार्कचं काम १९९४ मध्ये मार्गी लागलं होतं, आणि दशक संपता संपता तिथे माणसं बसू लागली. माणसांबरोबर यंत्रं आली. जुन्या संगणकाच्या सर्किट बोर्डांचा एक टन घेतला तर त्यात दोनशे ग्रॅमच्या आसपास सोनं असतं. म्हणजे एका बाजूला तीन ग्रॅमची खाण बंद होत होती आणि त्याच रेल्वेमार्गावर दोनशे ग्रॅमची खाण उघडत होती. फक्त ती कोणी खाण म्हणून नोंदवली नव्हती.

माझं काम प्रशासनाचं होतं. खुर्च्या, कॅन्टीन, टॅक्सी आणि गोदाम. गोदाम भरण्याचं कारण ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेत निर्यात करणाऱ्या कंपन्यांना परदेशी संगणक सीमाशुल्क न भरता आणता येत. पण मग ती यंत्रं सीमाशुल्क खात्याच्या बॉण्डखाली असत. बंद पडली तरी परवानगीशिवाय गेटाबाहेर काढता येत नसत. काढायची तर घसारा वजा करून शुल्क भरा आणि बॉण्डमधून सोडवा. एवढी कटकट कोण करणार? त्यामुळे मेलेले मॉनिटर एकावर एक रचले जात. प्रत्येकावर मालमत्ता क्रमांकाची चिकटपट्टी, बहुतेक माझ्याच अक्षरातली.

एक सोपी वाटही होती. आणून दोन वर्षं झालेले संगणक मान्यताप्राप्त शाळांना शुल्क न भरता दान करता येत. आम्हीही केले. फोटो काढले, हार घातले. खरं सांगू? त्यातली निम्मी यंत्रं शेवटच्या घटका मोजत होती. कचऱ्याची जबाबदारी आम्ही खेड्यातल्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली, आणि तिला दान म्हटलं. तेव्हा मात्र आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

२००४ मध्ये आमचा एक मोठा लॉट बॉण्डमधून सुटला आणि कंपनीने लिलाव करायचं ठरवलं. लिलाव कशाच्या निकषावर? सर्वांत जास्त बोली. तीन भंगारवाले आले. एकाने इतरांपेक्षा बराच जास्त भाव दिला. मी त्याला विचारलं, ‘भाई, तुम्हाला परवडतं कसं?’ तो दखनीत म्हणाला, ‘साब, आप डब्बा बेचते, हम अंदर का माल लेते.’ मी सही केली. गेटपासवर लिहिलं होतं, ‘जुने संगणक, भंगार.’ एवढंच वर्गीकरण.

पाचसहा महिन्यांनी घरचा मिक्सर दुरुस्त करायला मी शहरातल्या एका जुन्या वस्तीत गेलो होतो. गल्ली चुकलो. एका पत्र्याच्या शेडपुढे मॉनिटरचे पाठीमागचे डबे पडले होते. त्यातल्या एकावर माझं अक्षर होतं. शेडमध्ये प्लास्टिकच्या टबात बोर्ड भिजत होते, डोळ्यांना झोंबणारा वास होता, आणि पंधरासोळा वर्षांचा एक मुलगा उघड्या हाताने ते वर काढत होता. बोटांची टोकं पिवळी तपकिरी झालेली. नायट्रिक ॲसिडने कातडीचा रंग असा होतो, हे मी नंतर वाचलं. त्याने मला गिऱ्हाईक समजून विचारलं, ‘क्या लाए साब?’ मी काहीच न बोलता परत फिरलो. ती चिकटपट्टी तेवढी काढून आणायला हवी होती, असा विचार रस्त्यात मनात आला, आणि त्या विचाराची आज जास्त लाज वाटते.

आता इतिहासाचा प्रश्न असा की मी केलं ते बेकायदेशीर होतं का? याचं उत्तर शोधायला मी कायद्यांच्या मागे लागलो आणि तेव्हापासून हा विषय सुटलाच नाही.

आपल्याकडे धोकादायक कचऱ्याचे पहिले नियम १९८९ चे. भोपाळनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखालचे हे नियम. त्यात कचऱ्याचे १८ वर्ग होते आणि त्यातला पहिलाच वर्ग होता सायनाइडयुक्त कचरा. पुढे धातूंवर प्रक्रिया करताना निघणारा कचरा, शिसं, पारा वगैरे. सगळा विचार कारखान्याचा. धुराडं असेल, नळी असेल, तिच्यातून काहीतरी घाण बाहेर पडत असेल, तर ती धोकादायक. टेबलावर गुपचूप बसलेलं यंत्र त्या दिवशी कोणाच्या डोळ्यापुढे नव्हतं. म्हणजे बघा, त्या शेडमधल्या टबातलं पाणी कायद्याच्या यादीत होतं, पण त्या टबात जाणारा माझा मॉनिटर नव्हता.

त्याच १९८९ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात धोकादायक कचऱ्याच्या देशादेशांतल्या वाहतुकीबद्दल करार झाला. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला. या कराराच्या जोडपत्रांत इलेक्ट्रॉनिक भंगाराला पुढे दोन क्रमांक मिळाले. ए ११८० म्हणजे धोकादायक, ज्यात बॅटरी, पाऱ्याचे स्विच, पिक्चर ट्यूबची काच असले भाग आहेत. बी १११० म्हणजे धोकादायक नसलेलं, आणि त्यातच ‘थेट पुनर्वापरासाठी’ जाणारी उपकरणंही. या शेवटच्या दोन शब्दांत सगळी मेख आहे. तोच मॉनिटर, तीच काच, तेच शिसं. कंटेनरच्या कागदावर ‘पुनर्वापरासाठी’ लिहिलं की तो बी झाला. २००२ मध्ये बाझल ॲक्शन नेटवर्क आणि सिलिकॉन व्हॅलीतल्या एका संस्थेने अमेरिकेचा असा माल चीनमधल्या ग्वीयूत आणि भारत-पाकिस्तानात कसा येतो याचा अहवाल काढला, तेव्हा जगाचे डोळे उघडले. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंकनेही २००३ मध्ये भारतातल्या संगणक कचऱ्यावर अहवाल काढला. पण व्हाइटफील्डचा माल कंटेनरमधून आलेला नव्हता. तो आमच्याच गेटातून टेम्पोत बसून गेला होता.

बेंगळुरूची गोष्ट मला वेगळी वाटते ती इथून. २००५ मध्ये शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, तुमकूर रस्त्यावरच्या डोबसपेट औद्योगिक वसाहतीत, ई-परिसरा ही कंपनी सुरू झाली. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी रीतसर परवाना घेऊन काम करणाऱ्या देशातल्या पहिल्या कारखान्यांपैकी ती. ई-कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम यायला तेव्हा सहा वर्षं होती. त्याच काळात स्विस संशोधक इथल्या गल्ल्यांमध्ये उतरले आणि त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, जो आपल्यापैकी कोणी विचारला नव्हता. हे लोक बोर्डातलं किती सोनं काढतात?

आमचा समज होता की भंगारवाला कण न् कण काढतो. उत्तर आलं, फार तर चौथा हिस्सा. उरलेलं सोनं ॲसिडबरोबर गटारात आणि मातीत. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळच्या होबोकनला युमिकोर कंपनीची भट्टी आहे, तिथे तोच बोर्ड दिला तर ९५ टक्क्यांहून जास्त सोनं हाती लागतं, शिवाय चांदी, पॅलेडियम, तांबं. मग एक प्रयोग झाला. गल्लीतल्या कारागिरांनी बोर्ड सुटे करायचे, वेगळे करायचे, म्हणजे जे त्यांना कोणत्याही यंत्रापेक्षा उत्तम जमतं तेवढंच करायचं, आणि ॲसिडला हात न लावता बोर्ड परवानाधारकामार्फत बेल्जियमला पाठवायचे. जास्तीच्या सोन्याचे पैसे त्यांना मिळायचे.

मला हा प्रयोग या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा क्षण वाटतो. त्यात त्या मुलाला हाकललं नव्हतं, त्याच्या हातातला टब तेवढा काढून घेतला होता. पण अडचण पैशाच्या वेळेची होती. टबातलं सोनं संध्याकाळी विकता येतं, बेल्जियमचा हिशेब यायला महिने लागतात. ज्याला रोज संध्याकाळी पीठ आणायचं आहे, त्याला हे गणित कसं जमणार? प्रयोग मोठा होऊ शकला नाही त्यामागे हेच मोठं कारण असावं, असं माझं मत आहे.

महाराष्ट्रातही साधारण तेव्हाच हालचाल सुरू होती. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००७ मध्ये मुंबई-पुणे पट्ट्यातल्या ई-कचऱ्याची पाहणी करवून घेतली. पुण्यात तर १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांची संघटना बांधलेली होती. बेंगळुरूकडे यंत्रं आधी आली, पुण्याकडे संघटना आधी आली. दोन्ही एकाच शहरात असतं तर, असं मला नेहमी वाटतं.

असो. शेवटी मे २०११ मध्ये केंद्राने ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम काढले आणि ते १ मे २०१२ पासून लागू झाले. माझ्या गोदामावर पहिल्यांदा खरा कायदा आला. आमच्यासारख्या कंपनीला नाव मिळालं, ‘घाऊक ग्राहक’. भंगार सर्वांत जास्त बोलीला नाही, तर परवानाधारकालाच द्यायचं आणि त्याची नोंद ठेवायची. आणि यादी आली. २०१६ च्या नव्या नियमांत ही यादी अशी होती: माहिती तंत्रज्ञानाच्या १६ वस्तू आणि घरगुती ५, एकूण २१. टीव्ही, फ्रिज, धुलाई यंत्र, एसी आणि पाऱ्याचे दिवे हे घरगुती. पहिल्या गटात संगणक, लॅपटॉप, प्रिंटर, मोबाइल. आणि टेलेक्स! टंकलेखन यंत्र! भारतात तार सेवा २०१३ मध्ये बंद झाली, आणि २०१६ च्या नियमांत टेलेक्सला स्वतंत्र क्रमांक होता. पण मिक्सर, इस्त्री, रेडिओ त्या यादीत नव्हते. ज्या मिक्सरपायी मी ती गल्ली चुकलो, तो कायद्याच्या दृष्टीने ई-कचरा नव्हताच.

वर्गीकरण म्हणजे काय ते गोदामात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. एक यूपीएस घ्या. पेटी ही एक गोष्ट, आतली बॅटरी ही दुसरी. शिसं-ॲसिडच्या बॅटऱ्यांना २००१ पासून वेगळे नियम होते, त्या वेगळ्या माणसाकडे जायच्या. लॅपटॉपची लिथियम बॅटरी त्या २००१ च्या नियमांत बसत नव्हती. तिला २०२२ पर्यंत स्वतःचा कायदाच मिळाला नाही, मग सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्यांसाठी नवे नियम आले. पिक्चर ट्यूबचंही तसंच. पुढची काच आणि मागचं नरसाळं दिसायला एकच, पण शिसं मुख्यतः नरसाळ्यात. दोन्ही एकत्र फोडली की पुढची चांगली काचही वाया. ट्यूबलाइटची पेटी वेगळी, ती फुटली तर खोली उघडून सगळ्यांनी बाहेर. आमच्या सुरक्षारक्षकांना हे शिकवताना मला वाटायचं, हे सगळं २००४ साली मला कोणी शिकवलं असतं तर. पण तेव्हा शिकवणारंच कोणी नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नाही.

नियमाची एक बाजू मला मनापासून आवडली. १८० दिवसांपेक्षा जास्त काळ ई-कचरा साठवायचा नाही. बॉण्डच्या काळात जो माल गेटाबाहेर काढणं गुन्हा होता, तोच आता गेटाआत ठेवणं गुन्हा झालं.

याच दरम्यान शहराचा साधा कचराही पेटला होता. व्हाइटफील्डच्या उत्तरेला मंडूर नावाचं गाव आहे, तिथे बेंगळुरूचा कचरा जात असे. २०१४ मध्ये गावकऱ्यांनी रस्ता धरला आणि वर्षाअखेर तिथे कचरा टाकणं थांबलं. त्या ढिगात किती बॅटऱ्या आणि किती ट्यूबलाइट गेल्या असतील, याची नोंद कोणत्याच रजिस्टरात नाही. आमच्या भागातल्या सोसायट्या कचरा वेगळा करू लागल्या त्यामागे पर्यावरणाचं प्रेम होतं तसं हे मंडूरही होतं, हे मान्य करायला हवं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम पुन्हा बदलले, एप्रिल २०२३ पासून लागू झाले. २१ वस्तूंच्या १०६ झाल्या, सात गटांत. मिक्सर आला, रेडिओ आला, खेळणी आली, वैद्यकीय उपकरणं आली. उत्पादकाला जबाबदारी पुरी करायला पुनर्वापर करणाऱ्याकडून प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात, आणि ती सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम किती निघालं यावर ठरतात. सरकारने या प्रमाणपत्रांच्या दराला खालची मर्यादा घातली, तेव्हा काही मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आणि बाझलचा तो ए आणि बीचा खेळ? १ जानेवारी २०२५ पासून धोकादायक नसलेल्या ई-कचऱ्यालाही घेणाऱ्या देशाची पूर्वसंमती लागते. मेख काढायला तीस वर्षांच्या आसपास गेली.

नव्या नियमांत मला एक गोष्ट खटकते. २०११ आणि २०१६ च्या नियमांत ‘सुटं करणारा’ हा वेगळा घटक होता. त्याला परवाना मिळू शकत होता. २०२२ मध्ये तो गेला. आता उत्पादक, निर्माता, दुरुस्त करून विकणारा आणि पुनर्वापर करणारा एवढेच चार उरले. जे काम गल्लीतला माणूस सर्वांत चांगलं करतो, त्याच कामाचं नाव यादीतून पुसलं. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर नोंदीत आला नाही, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. उरलेला हातांनीच कोणीतरी सोडवतो आहे.

मी २०१९ मध्ये निवृत्त झालो, गोदामाच्या किल्ल्या परत केल्या. आता सोसायटीत वर्षातून दोनदा ई-कचरा गोळा करतो. तिसऱ्या मजल्यावर साताऱ्याच्या एक आजी आहेत. मागच्या खेपेला त्या त्यांच्या यजमानांचा रेडिओ घेऊन खाली आल्या. बंद पडून वीस वर्षं झालेला, पण रोज पुसलेला. मी वजन केलं, गट लिहिला. त्या म्हणाल्या, ‘अहो, हा नक्की कुठे जाणार ते सांगा. नुसतं रिसायकल म्हणू नका.’ मी त्यांना कारखान्याचं नाव, गाव, टेम्पोचा नंबर आणि पावतीचा क्रमांक सांगितला. त्यांनी चष्मा लावला आणि ते सगळं कालनिर्णयच्या पानामागे लिहून घेतलं. मग रेडिओची मागची पट्टी जराशी उघडून आतली धूळ फुंकली, आणि म्हणाल्या, ‘आता न्या.’